आधी माती, मग मूर्ती

(आंबागड, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा येथे शिक्षक आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

तान्ह्या पोळ्यापासून सुरुवात करते, कारण तो तुम्हाला मला समजावून सांगावा लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडची लेकरं लाकडी नंदी सजवतात, दोरी बांधून ओढत दारोदार नेतात आणि बोजारा गोळा करतात. आता एक करून बघा. त्यातल्या कुठल्याही मुलाला डोळे मिटून विचारा की तुझा नंदी कसा आहे. तो वशिंडाचा उंचवटा सांगेल, कुठलं शिंग मागच्या वर्षी तुटून पुन्हा चिकटवलं ते सांगेल, कुठलं चाक अडतं ते सांगेल. पोटाखाली सुताराच्या पटाशीची खूण आहे हेसुद्धा सांगेल. म्हणजे या मुलाला एक शिल्प माहीत आहे. संपूर्ण माहीत आहे, पोटाखालूनसुद्धा.

याच मुलाला आपण सहलीत संग्रहालयात नेतो. मी एकदा अशा सहलीबरोबर गेले होते. शाळेचं नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही. दोन रांगा, हाताची घडी, तोंडावर बोट. एकूण वेळ चाळीस मिनिटं. सरांनी प्रत्येक मूर्तीखालची पाटी मोठ्यानं वाचायची, मुलांनी वहीत उतरवून घ्यायची. "विष्णू, अकरावं शतक. चला. पार्वती, बारावं शतक. पुढं चला." बाहेर आल्यावर मी एका मुलीला विचारलं, काय पाहिलंस? ती वही उघडून वाचायला लागली. मूर्तीकडे पाहायला तिला सवडच मिळाली नव्हती. दुसरा एक मुलगा मात्र खूश होता, त्याला पेंढा भरलेला वाघ आवडला होता.

मला त्या सरांना दोष द्यायचा नाही. पन्नास मुलं, दोन शिक्षक, संध्याकाळच्या आत परत आणायची, काही मोडलं तर जबाबदारी यांच्यावर. पण गोष्ट अशी झाली की ज्या मुलाला लाकडी नंदी पोटाखालून माहीत होता, त्याला दगडाचा नंदी फक्त शतकातून माहीत झाला.

असं का होतं? मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून थोडं तिकडून सांगते. कंटाळू नका, लवकर परत येईन.

हेर्डर नावाचा एक जर्मन विचारवंत होऊन गेला. त्यानं १७७८ साली शिल्पावर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'प्लास्टिक'. आपल्या पिशव्यांशी त्याचा संबंध नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आकार देणं, घडवणं असा आहे. हेर्डरचं म्हणणं थोडक्यात असं, की चित्र ही डोळ्यांची कला आहे आणि शिल्प ही स्पर्शाची. शिल्प बघणारा माणूस खरं तर डोळ्यांनी चाचपत असतो. तो मूर्तीभोवती फिरतो, वाकतो, मागं जातो, कारण डोळ्याला हाताचं काम करायचं असतं.

पण डोळ्याला हाताचं काम जन्मतः येतं का? हाही जुना प्रश्न आहे. आयर्लंडमधल्या विल्यम मॉलिन्यू या गृहस्थानं १६८८ साली जॉन लॉकला विचारलं, की जन्मांध माणसाला हातानं गोळा आणि घन वेगळे ओळखता येतात. त्याला अचानक दिसायला लागलं, तर हात न लावता नुसतं बघून तो सांगू शकेल का, गोळा कुठला नि घन कुठला? लॉकनं तो प्रश्न आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत घेतला आणि पुढं शे-दोनशे वर्षं तत्त्वज्ञ त्यावर भांडत बसले. उत्तर मिळालं ते आपल्या देशातल्या मुलांकडून. पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रिया करवून घेतल्या. पट्टी सुटल्यावर लगेच, हातानं चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखणं त्या मुलांना जमलं नाही. मात्र थोड्याच दिवसांत जमायला लागलं. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. मुलं अवघी पाच होती, पण प्रश्न सव्वातीनशे वर्षांचा होता.

माझ्या कामापुरता मी त्यातून एवढाच अर्थ घेते, की हात आणि डोळा यांची ओळख करून द्यावी लागते. ती आपोआप होत नाही, पण करून दिली तर लवकर होते.

आता संग्रहालयात पाटी असते, 'हात लावू नये'. ती पाटी बरोबर आहे. हाताच्या घामानं आणि तेलकटपणानं दगड काळवंडतो, धातूवर डाग पडतात, आणि हजारो हात लागले की नाक-डोळे गुळगुळीत होतात. देवळातल्या नंदीची पाठ बघा ना, किती पिढ्यांच्या हातांनी चकाकते. तेव्हा पाटी राहू द्या. पण मग स्पर्शाची कला बिनस्पर्शानं शिकवायची कशी? दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ साली 'अनुभव' नावाचं दालन झालं. तिथं प्रतिकृती ठेवल्या आहेत आणि त्यांना हात लावता येतो. दृष्टिहीनांसाठी केलं आहे, पण मला वाटतं डोळसांना त्याची गरज काही कमी नाही. आंबागडहून दिल्ली लांब. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं २०१५ पासून फिरत्या बसमध्ये संग्रहालय काढलं, तेही चांगलंच आहे. पण आपल्या हाताशी त्याहून जवळचं काहीतरी आहे, आणि ते म्हणजे माती.

माझं म्हणणं इतकंच आहे, की मुलांनी संग्रहालयात जाण्याआधी हात मातीत घालावेत. नंतर नव्हे, आधी. बहुतेक शाळांमध्ये सहलीनंतर 'पाहिलेल्या मूर्तीचे चित्र काढा' असं सांगतात. तो क्रम उलटा आहे. ज्यानं स्वतः उभा माणूस करायचा प्रयत्न केला आणि ज्याचा माणूस आडवा झाला, त्यालाच उभ्या मूर्तीसमोर प्रश्न पडतो.

हे मी पाहिलेलं आहे. सहावी-सातवीची मुलं होती. प्रत्येकाला पेरूएवढा मातीचा गोळा दिला आणि सांगितलं, वीतभर उंचीचा उभा माणूस करा. पहिल्या दहा मिनिटांत वर्गात नुसती पडझड. पाय बारीक केले की माणूस बसतो. हात बाहेर काढले की गळून पडतात. मान लांब केली की डोकं छातीवर येतं. मग हळूहळू युक्त्या निघाल्या. एकानं पायांच्या मधली जागा बुजवली. एकीनं साडी नेसवली, म्हणजे पायांचा प्रश्नच मिटला. एकानं माणसाच्या मागं मातीची फळी उभी केली आणि त्याला टेकवून ठेवला. बाकीचे ओरडले, "आजी, हा चिडते!" मी म्हटलं, थांबा, तो चिडतो का हे आपण पुढच्या आठवड्यात बघू.

पुढच्या आठवड्यात ती मुलं मूर्तींसमोर उभी राहिली. मी काहीही सांगितलं नव्हतं. तो फळीवाला मुलगा एका उभ्या मूर्तीसमोर थबकला आणि म्हणाला, "यायनंबी फळी ठेवली!" मूर्तीच्या मागचा पाट, प्रभावळ, दोन्ही बाजूंचे छोटे सेवक, हातातल्या गदेचं टोक थेट पायथ्याला टेकवलेलं, हे सगळं त्याला एकदम दिसायला लागलं. मी विचारलं, याचा हात तुटलाय, तो कोणी तोडला असेल? मुलांना एरवी एकच उत्तर ठाऊक असतं, कुणीतरी शत्रूनं फोडली. त्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "हात बाहेर काढला तं तुटनच ना आजी!" मूर्ती फोडल्याही गेल्या आहेत, तो इतिहास खोटा नाही. पण प्रत्येक तुटक्या नाकामागं शत्रू शोधण्याआधी दगडाचा स्वभाव शोधावा, हे त्या मुलीला मातीनं शिकवलं. मी तासभर भाषण देऊनही शिकवू शकले नसते. या वयात मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

माती झाली की साबण. अंगाच्या साबणाची एक वडी आणि चमच्याचा दांडा. मातीत आपण भर घालत जातो, दगडात काढत जातो. मातीत कान चुकला तर पुन्हा लावता येतो, साबणात उडालेला कान गेला तो गेला. मासा करायला घेतात, शेपूट तुटते, मग त्याचं कासव होतं. ही फजिती होऊ द्या. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हण आपण मुलांना सोसण्याविषयी सांगतो. साबण कोरल्यावर ती त्यांना टाकी धरणाऱ्याविषयी कळते. एक घाव जास्त पडला तर काय, ही त्या पाथरवटाच्या हातातली धास्ती. तिसरी रीत ओतकामाची, साच्यात धातू ओतायची. भंडारा तर पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला आहे, ते घरच्या वडीलधाऱ्यांनी सांगावं, मी बोलत नाही.

आता सहलीचं. जवळचं मोठं संग्रहालय म्हणजे नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला. १८६३ सालचा आहे. तिथं एका दिवसात सगळं बघायचं नाही. तीन मूर्ती, फार तर चार. पंधरा मुलांचा गट एका मूर्तीसमोर वीस मिनिटं. पहिली दहा मिनिटं पाटी वाचायला बंदी. कारण पाटी दोनच प्रश्नांची उत्तरं देते, कोणाची आणि किती जुनी. ती उत्तरं मिळाली की मुलांचं बघणं संपतं.

प्रश्न दुसरे विचारायला हवेत. ॲरिस्टॉटल कारणं चार सांगतो आणि उदाहरण देतो पितळ-काशाच्या पुतळ्याचं. कशापासून, कोणत्या आकारात, कोणी, आणि कशासाठी. आपल्याकडे नैयायिक हेच मडक्यावरून शिकवतात, की माती एका तऱ्हेचं कारण, कुंभार आणि त्याचा दंड नि चाक दुसऱ्या तऱ्हेचं. उपनिषदातला उद्दालकही मुलाला शिकवताना मातीचाच गोळा पुढं करतो. गंमत बघा, जगाचं कारण सांगायला बसलेल्या माणसांना कुंभार आणि शिल्पकारच आठवतात. तर मुलांना हेच विचारा. हा दगड कुठला असेल? थर दिसतात का, कण दिसतात का? कोरणाऱ्यानं सुरुवात कुठून केली असेल? ही मूर्ती उंचावर होती की डोळ्यांसमोर? मागं जाता येत असेल तर जाऊन बघा. पुष्कळदा मागची बाजू ओबडधोबड असते, टाकीच्या खुणा तशाच राहिलेल्या असतात, कारण ती भिंतीत बसवायची होती. मुलांना ही मागची बाजू फार आवडते. आपल्याला कोणी फसवत होतं आणि आपण पकडलं, असं काहीतरी त्यांना वाटतं.

आणि मुलांना मूर्तीसारखं उभं करा. एका पायावर भार, दुसरा गुडघा सैल, कंबर एकीकडे, मान दुसरीकडे. आपण त्याला त्रिभंग म्हणतो. दोन मिनिटं तसं उभं राहिलं की कुठल्या मांडीला कळ लागते ते शरीरच सांगतं. त्यानंतर मूर्तीकडे पाहिलं की तिचा भार कुठल्या पायावर आहे, हे पाचवीतलं पोरगंही न चुकता दाखवतं.

नागपूर जमत नसेल तर रामटेकला जा. केवल नृसिंह आणि रुद्र नृसिंह, वाकाटकांच्या काळातली, म्हणजे पंधराशे वर्षांपूर्वीची देवळं. एक गुडघा वर करून बसलेला तो भलाथोरला नृसिंह आजही पूजेत आहे. मातीचा माणूस पाडून बसलेल्या मुलांना तिथं लगेच उमगतं, की बसलेल्या मूर्तीला घोटे सांभाळावे लागत नाहीत.

पण खरी गोष्ट सांगायची आहे ती पवनीची. आपल्याच जिल्ह्यातली, वैनगंगेकाठची. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून तिथं उत्खनन केलं आणि जगन्नाथ टेकडीखाली बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या कठड्याच्या एका खांबावर मुचलिंद नाग कोरलेला आहे. बुद्धाला ज्ञान झाल्यानंतर वादळ-पाऊस आला, तेव्हा नागराजानं फणा पसरून त्याला आसरा दिला, ती कथा. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातलं काम. त्या शिल्पात नाग आहे, फणा आहे, खाली आसन आहे, आणि आसनावर कोणीही नाही. त्या काळी बुद्धाला माणसाच्या रूपात दाखवत नसत. रिकामं आसन, झाड, पाऊलखुणा, चक्र, यांवरून तो तिथं आहे हे बघणाऱ्यानं ओळखायचं.

मी मुलांना त्याचा फोटो दाखवते आणि विचारते, बुद्ध कुठे आहे? आधी शोधतात. मग कोणी म्हणतं, तुटला असेल. मग एखादं म्हणतं, उठून गेला. त्या 'उठून गेला'वर मी थांबते आणि पुन्हा माती वाटते. काम असं, की तुमच्या आजीची मूर्ती करा, पण आजी दाखवायची नाही. हे काम मी बऱ्याच वर्गांना दिलं आहे आणि दर वेळी वर्ग शांत होतो. चष्मा होतो, अडकित्ता होतो, सूप होतं, काठी होते. एका मुलीनं नुसती खाट केली, आणि खाटेचा मधला भाग अंगठ्यानं दाबून खोल केला. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "तिथं निजे ते." बस्स. मला तिला रिकाम्या आसनाविषयी काही समजावून सांगावं लागलं नाही. खरं तर त्यानंतर मलाच ते आसन जास्त कळलं.

आता तो मुचलिंदाचा खांब कुठे आहे? दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात. नीट आहे, सुरक्षित आहे, जगभरची माणसं बघतात. मी तक्रार करत नाही. पण भंडारा जिल्ह्यातलं एखादं लेकरू दिल्लीला गेलंच, तर त्याला तो आपला म्हणून ओळखता यावा की नाही? त्याची एक प्लास्टरची प्रतिकृती, हात लावता येईल अशी, जिल्ह्यातल्या शाळाशाळांतून फिरवली तर फार खर्चाचं काम नाही. मी हे जिथं जाईन तिथं बोलते. आज इथंही बोलून ठेवते.

काही पालक विचारतात, बाई, यानं मार्क वाढतात का? नाही वाढत, सरळ सांगते. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीमचा विचार मांडला, तेव्हा हातानं काम हा वेगळा विषय नसून शिकण्याची वाटच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याचं आपण काय केलं? कार्यानुभवाचा एक तास केला आणि त्यात क्रेप कागदाची फुलं केली. तेव्हा मार्कांचं मला विचारू नका. हाताला काय सापडतं, ते विचारा. अलिबागजवळच्या सासवण्याचे नानासाहेब करमरकर लहानपणी भिंतीवर चित्रं काढत. एका कलेक्टरानं ती पाहिली आणि त्यांना मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जायला मदत केली. पुण्यातला १९२८ सालचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा याच हातांचा. सासवण्याच्या घरी त्यांची शिल्पं आजही बघायला मिळतात. असा एखादा निघेलही तुमच्यातून, पण माझा जीव त्याच्यासाठी तुटत नाही. तो आपली वाट काढेल. मला काळजी आहे ती बाकीच्या एकोणपन्नास जणांची.

कारण तेच उद्या गावचे सरपंच होणार, देवळाच्या समितीवर बसणार, रस्त्याचं कंत्राट घेणार. आपल्या भागात झाडाखाली, तळ्याच्या पाळीवर, शेताच्या बांधावर जुने कोरीव दगड असतात. कोणी त्यांना ऑइलपेंट फासतं, कोणी जीर्णोद्धारात टाइल्सच्या मागं बुजवतं, भंगलेली मूर्ती ठेवू नये म्हणून कोणी पाण्यात सोडतं. आणि कधी एक दिवस ती नुसती दिसेनाशी होते. यातलं बरंचसं वाईट हेतूनं होत नाही. त्या दगडात कोणाचे तरी हात आहेत, हे दिसलेलं नसतं म्हणून होतं. इथं एक सांगून ठेवते. मुलांना असे दगड दाखवायला न्या, पण शेंदूर खरवडू देऊ नका, ब्रश नाही, ॲसिड तर मुळीच नाही. तो कोणाचा तरी देव आहे. बघा, वहीत काढा, फोटो घ्या, कुठं आहे ते लिहून ठेवा. एवढी नोंदही मोठी आहे.

आणि हा वरचा किल्ला. बख्त बुलंदच्या राज्यात राजखान पठाणानं बांधला, हे इथल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. विहिरीच्या विषारी पाण्याच्या गोष्टीही पाठ आहेत. पुढच्या वेळी वर जाल तेव्हा एकच काम द्या. टाकीनं घडवलेला दगड कुठला आणि नुसता उचलून रचलेला कुठला, हे शोधा. टाकीच्या खुणेवरून बोट फिरवा. किल्ल्यावर 'हात लावू नये' अशी पाटी नाही, मात्र नाव कोरायला मनाई आहे असं बजावून सांगा.

आता शेवटची, कामाची गोष्ट, कारण गुरुजी मंडळी चहाकडे बघायला लागली आहेत. माती विकत आणू नका. तलावाचा गाळ घ्या, नाहीतर कुंभाराकडून घ्या आणि त्यालाच एक दिवस वर्गात बोलवा, पाहुण्याच्या मानानं, खुर्चीवर बसवा. माती चाळून खडे काढा. धानाचं तणस अगदी बारीक चिरून मळून घ्या, म्हणजे तडे कमी जातील. ओल्या गोणपाटाखाली दोन दिवस मुरू द्या. केलेल्या वस्तू सावलीत वाळवा, उन्हात ठेवल्या की फुटतात आणि मुलं रडतात. गाळ मात्र उन्हाळ्यातच काढून ठेवा. एकदा बांध्यांत पाणी साचलं की तळ्यात कोणी उतरू देत नाही.